काउंटीच्या फाइलमधलं एक वाक्य

हॉथॉर्न क्रीक, नॉर्थ कॅरोलिना
९ फेब्रुवारी २०२४

नीलू,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रुचाने पाकीट न उघडता हातात दिलं. सून म्हणून तिच्याबद्दल काही तक्रारी असतील माझ्या, पण त्यात ही नाही. तू विचारतेस, आजच्या जमान्यात फोन सोडून मी कागदावर का अडून बसलेय. एक तर कान. तू तिकडे शिकागोत बोलतेस आणि मला इकडे फक्त समुद्राची गाज ऐकू येते. दुसरं म्हणजे माझा फोन प्रसादने लावून दिलाय. त्यावर आलेला मेसेज त्याच्या टॅबवरही दिसतो. त्यात काही वाईट हेतू नाही, पण दिसतो हे खरं.

तर इथली बातमी. प्रसादने पुढच्या दाराला नवं कुलूप बसवलंय. बाहेरून नंबर दाबायचा, आतूनही नंबर दाबायचा. मला नंबर सांगितलेला नाही. "आई, तू कुठे लक्षात ठेवणार?" म्हणाला. एकतीस वर्षं अकोल्याच्या शाळेत मुलींकडून नद्या आणि त्यांच्या उपनद्या पाठ करून घेतल्या, आणि आता चार आकडे माझ्या डोक्यात मावणार नाहीत! स्वयंपाकघरात एक कॅमेराही आहे. आठला दोघं ऑफिसला जातात, सहाला येतात. मधल्या वेळात मी आणि कॅमेरा.

तुलाच लिहिते, कुणाजवळ बोलू नकोस. पोस्टात पडून राहिलेल्या पार्सलसारखं वाटतं कधीकधी. पत्ता बरोबर आहे, पण सोडवून न्यायला कोणी येत नाही. सकाळी डोळा उघडला की वाटतं, नसता उघडला तरी चाललं असतं. मग चहा होतो आणि ते जातं.

तुझा गुडघा कसा आहे?

शोभना


शिकागो
१८ फेब्रुवारी २०२४

शोभे,

गुडघा आहे तसाच. काल बसने डेव्हनला, आपल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर गेले, चांगले चिकू मिळाले. दोन खाल्ले आणि तुझी आठवण काढली. हॉस्टेलवर असताना तू बिया खिडकीतून वॉर्डनबाईंच्या अंगणात टाकायचीस.

आता सरळ मुद्द्यावर येते. ते कुलूप आतून तुला उघडता येतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही. मागचं दार आहे का? आग लागली तर बाहेर कशी पडशील? दहा तास एकटी असतेस तेव्हा जेवण कोण देतं? प्रसाद तुझ्यावर ओरडतो का? हात उचललाय का कधी? रागावू नकोस. बावीस वर्षं मी इथल्या टाउनशिपच्या, म्हणजे स्थानिक पालिकेच्या, ज्येष्ठ नागरिकांच्या ऑफिसात हेच प्रश्न विचारत होते, आणि बहुतेक बायका "सगळं ठीक आहे" असंच सांगायच्या.

पत्र मिळाल्याबरोबर उत्तर पाठव. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच दिवशी.

तुझी नीलांबरी


हॉथॉर्न क्रीक
१८ मार्च २०२४

नीलू,

उत्तराला महिना लावला. तुझे प्रश्न वाचून आधी राग आला, मग काय लिहावं ते सुचेना, आणि मग घरात जे झालं त्याने सगळंच राहून गेलं.

पाच तारखेला, मंगळवारी सकाळी, दारात एक बाई उभ्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फोल्डर. काउंटीकडून आलेल्या. काउंटी म्हणजे आपल्याकडची जिल्हा परिषद समज. मिसेस हॉलंड त्यांचं नाव. प्रसाद त्या दिवशी घरून काम करत होता. त्यांनी त्याला सांगितलं, मला तुमच्या आईशी एकटीशी बोलायचंय. तो जाऊन गाडीत बसला. मला खिडकीतून दिसत होता. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता, गाडी सुरूही केली नव्हती.

हॉलंडबाईंनी फोनचा स्पीकर मोठा करून एक दुभाषी जोडून घेतली. मराठी मुलगी होती, कुठून बोलत होती देव जाणे. तिनेही तुझेच प्रश्न विचारले. तुम्हाला कोंडून ठेवतात का? मारतात का? खायला देतात का? परक्या मुलीच्या तोंडून ते मराठीत ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीतरी तक्रार केली होती, नीलू. आमच्या घराबद्दल.

त्यांनी फ्रीज उघडून पाहिला, माझी खोली पाहिली, कुलूप पाहिलं. मारहाणीचं वगैरे काही नाही, असं त्यांनी लिहून घेतलं. पण आतून न उघडणारं कुलूप आगीच्या दृष्टीने चालणार नाही, ते आजच काढा म्हणाल्या. प्रसादने संध्याकाळी ते काढलं. पाच मिनिटांचं काम, त्याला तासभर लागला. शेवटचा स्क्रू हातात धरून मला म्हणाला, "आई, मी तुला कोंडलं होतं का ग?" मी नाही म्हटलं.

रुचाला वाटतं, हे शेजारच्या देवयानीचं काम. देवयानी दर गुरुवारी दुपारी येऊन मला लायब्ररीत न्यायची. कुलपाचा नंबर रुचानेच तिला दिला होता, म्हणजे कुलपाचं तिला ठाऊक. रुचाने तिला स्पष्ट सांगितलं, आता येऊ नका. बिचारी दारातच रडली, "मी असं कशाला करेन?" म्हणाली. माझा गुरुवार गेला.

तू अशा ऑफिसात होतीस. तक्रार कोणी केली ते सांगतात का ग?

शोभना


शिकागो
२७ मार्च २०२४

शोभे,

नाही, सांगत नाहीत. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं असा नियम आहे. नाहीतर कोणी फोनच करणार नाही. पण देवयानीने केलं नसेल असं मला वाटतं. जिला घरात मोकळेपणाने येता येतं ती बाई काउंटीला फोन कशाला करेल? रुचाला हे समजावून सांग. खरंच सांग, शोभे, टाळू नकोस.

आणि ज्या कुणी केलं असेल, त्याला तुझी काळजीच असेल.

एक काम कर. तुझ्या नावाने आता तिथे फाइल उघडली असेल. ती मागायचा तुला हक्क आहे. हॉलंडबाईंकडे लेखी अर्ज दे. आमच्या ऑफिसात मी हजारो फाइली लावल्या, पण स्वतःची फाइल मागायला आलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. एक पोलिश आजोबा आले होते. त्यांच्या फाइलमध्ये "पत्नी हयात नाही" असं होतं, आणि पत्नी त्यांच्या शेजारी बसून हसत होती. सहा वर्षं ते तसंच पुढे पुढे कॉपी होत आलं होतं. म्हणून म्हणते, काय लिहिलंय ते स्वतः वाच.

जेवण नीट घे.

नीलांबरी


हॉथॉर्न क्रीक
३० एप्रिल २०२४

नीलू,

हॉलंडबाईंनी बरीच व्यवस्था लावून दिली. आठवड्यातून तीन दिवस सकाळी मदतीला एक बाई येते, आणि दोन दिवस व्हॅनने मला ज्येष्ठांच्या सेंटरवर नेतात. तिथे एक कोरियन आजी पत्त्यांत लबाडी करते, म्हणून मला आवडते.

पण एक गोष्ट सलतेय. मदतीला येणारी ग्लोरिया चांगली आहे, घानाची आहे, मोठ्याने हसते. पहिल्याच दिवशी तिने माझ्या गोळ्यांच्या बाटल्या मोजून एका वहीत लिहिल्या आणि स्वयंपाकघरातल्या सुऱ्या वरच्या कपाटात ठेवल्या. मला वाटलं, इथली पद्धत असेल. मग एकदा वेणी घालताना म्हणाली, सकाळची वेळ तुम्हाला जड जाते ना? मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? म्हणाली, मला पाठवणाऱ्या एजन्सीने कागद दिलाय. पुढच्या आठवड्यात व्हॅनच्या ड्रायव्हरने मला हात देताना आवाज अगदी हळू करून विचारलं, "आज बरं वाटतंय ना?" सेंटरवरच्या मुलीनेही तसंच. मी जिथे जाते तिथे माझ्याआधी तो कागद पोचलेला असतो. लोक माझ्याशी बोलत नाहीत, त्या कागदाशी बोलतात.

हे असं कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. आणि "आठवत नाही" यालाच तर आता मी घाबरते.

आता तुला एक सांगायचंय, जे मी लपवलं होतं. जानेवारीत मी घरातल्या चपला घालून बाहेर पडले. टपालपेटीपर्यंत जायचं होतं. परत वळले तर सगळी घरं सारखी. तीन तास फिरत होते. शेवटी एका पोलिसाने गाडीतून आणून सोडलं. प्रसाद रस्त्यावर अनवाणी धावत होता. त्याआधी दोनदा गॅस तसाच राहिला होता. कुलूप आणि कॅमेरा त्यानंतर आले. तू विचारलंस तेव्हा मी हे लिहायला हवं होतं. पण भूगोल शिकवणारी बाई घराचा रस्ता चुकली हे तुला कसं लिहू? लाज वाटली.

फाइलसाठी अर्ज दिलाय. माझ्या अक्षरात, माझ्या इंग्रजीत.

शोभना


हॉथॉर्न क्रीक
२४ मे २०२४

नीलांबरी,

तुझं उत्तर आलेलं नाही. का ते आता कळतंय.

फाइल आली. सव्वीस पानं. डिक्शनरी घेऊन दोन दिवस बसले. माहिती देणाऱ्याचं नाव, तिथे काळी पट्टी. नातं, काळी पट्टी. गाव, काळी पट्टी. काउंटीने आपलं काम चोख केलं. मग पान चार. त्यावर इंग्रजीत लिहिलंय, की या बाईंना आपण पोस्टात पडून राहिलेल्या पार्सलसारख्या आहोत असं वाटतं, पत्ता बरोबर पण न्यायला कोणी येत नाही. आणि सकाळी डोळा उघडला नसता तरी चाललं असतं.

"मग चहा होतो आणि ते जातं," हे मात्र लिहिलेलं नाही.

हे मी जगात एकाच माणसाला सांगितलं होतं. खाली लिहिलंय, जिवाला धोका संभवतो, सेवा देणाऱ्या सर्वांना कळवावे. सर्वांना कळवलं.

प्रसादला तू मांडीवर खेळवलंयस. त्याला एक फोन करता आला नाही?

शोभना


शिकागो
१ जून २०२४

शोभना,

हो. मीच.

तुझं एप्रिलचं पत्र वाचून मी चार वेळा लिहायला बसले आणि चारही कागद फाडले. जानेवारीतलं कळल्यावर तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पण तुला अर्ज द्यायला सांगताना मला ठाऊक होतं की तू पान चारपर्यंत पोचशील. देवयानीवर आळ राहू नये एवढं तरी मला करायचं होतं. स्वतःच्या तोंडाने सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून ते काउंटीच्या कागदावर सोपवलं.

दोन आठवडे तुझं उत्तर आलं नाही. दाराला आतून कुलूप, नंबर माहीत नाही, दिवसभर एकटी. माझ्या ऑफिसात असा फोन आला असता तर मी एक तासही थांबले नसते. एकदा थांबले होते. मिसेस डॉब्रोव्स्की नावाच्या बाई होत्या. मुलाला विचारलं, तो म्हणाला सगळं छान आहे, आणि मी फाइलवर "कुटुंबाचा आधार चांगला" असं टाइप करून कपाट बंद केलं. अडीच महिन्यांनी त्या गेल्या. कशा, ते लिहीत नाही. तेव्हापासून मी नियम केला, घरच्यांवर संशय असेल तर घरच्यांना आधी विचारायचं नाही. म्हणून प्रसादला फोन केला नाही. काउंटीला फोन केल्याबद्दल मी माफी मागणार नाही, शोभे. ते कुलूप निघालं, ते निघायलाच हवं होतं.

माफी दुसऱ्या गोष्टीची. फोनवर तक्रार लिहून घेणाऱ्या मुलीने विचारलं, त्या स्वतःच्या जिवाला काही करून घेतील असं वाटतं का? मी म्हणायला हवं होतं, ते तुम्ही त्यांनाच विचारा. पण तुझं पत्र हातात होतं. बावीस वर्षं लोकांची वाक्यं कागदावर उतरवून घ्यायची सवय. मी पत्र उघडलं आणि ती दोन वाक्यं इंग्रजीत करून वाचून दाखवली. ती टाइप करत होती, मला कीबोर्डचा आवाज येत होता. चहापर्यंत पोचायच्या आत तिने "थँक यू" म्हटलं. मी थांबवलं नाही तिला. वाक्य जितकं भारी, तितकं लवकर कोणीतरी जाईल, हेही मला माहीत होतं.

प्रसादला, रुचाला, देवयानीला मी काय ते लिहायला तयार आहे. पण आता तुला विचारल्याशिवाय एक ओळही लिहिणार नाही.

नीलू


हॉथॉर्न क्रीक
१९ ऑगस्ट २०२४

नीलू,

तुझं पाकीट नऊ दिवस उघडलं नाही. उघडलं, वाचलं, आणि मग लिहायचं नाही असं ठरवलं. ग्लोरियाने एकदा विचारलंही, कुणाचं पत्र? मी म्हटलं, तुझ्या कागदावर नाही का लिहिलेलं? तिला वाईट वाटलं. तिचा काय दोष?

घरच्यांना मीच सांगितलं. तू लिहायची गरज नाही. जेवताना सांगितलं, तक्रार नीलूमावशीने केली. रुचा उठून बेसिनपाशी गेली आणि नळ सोडून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती देवयानीकडे गेली. काय बोलल्या माहीत नाही. पण गुरुवारी दारात देवयानी उभी होती, लायब्ररीची पिशवी घेऊन. गाडीत मात्र दोघी गप्प होतो. पूर्वीसारखं व्हायला वेळ लागेल.

प्रसादने सगळी फाइल माझ्या शेजारी बसून वाचली. पान अकरावर त्याच्याच तोंडची वाक्यं होती. जानेवारीत त्यानेही काउंटीचा एक फॉर्म ऑनलाइन भरला होता मदतीसाठी. "आईला काही कळत नाही, निर्णय घेता येत नाहीत." मी शेजारच्या खोलीत बसले होते तेव्हा. तो म्हणाला, "असं लिहिलं की लवकर मिळतं, असं कुणीतरी सांगितलं होतं." मी म्हटलं, तुम्ही दोघं एकाच शाळेत शिकलेले दिसता, तू आणि नीलू. तो हसला नाही. म्हणाला, "सॉरी आई." मग माझा फोन घेतला आणि मेसेज टॅबवर जायचे ते बंद करून दाखवले. कॅमेरा आहे. गॅससाठी तो हवा, हे मलाही पटतं.

मग हॉलंडबाईंना भेटायला ऑफिसात गेलो. मी म्हटलं, पान चार काढून टाका. त्या म्हणाल्या, लिहिलेलं काढता येत नाही, पण तुमचं म्हणणं त्याला जोडता येतं. आणि एजन्सीला ते पूर्ण पाठवायला नको होतं, हे त्यांनी मान्य केलं. आता ग्लोरियाच्या नव्या कागदावर कान, गुडघे, शेंगदाण्याची ॲलर्जी आणि रस्ता चुकते, एवढंच आहे. सुऱ्या खाली आल्या. पण ड्रायव्हर अजून हळूच बोलतो. जे त्याच्या डोक्यात गेलं ते कुठल्या ऑफिसात अर्ज देऊन काढायचं?

माझं म्हणणं मी तिथेच टेबलावर लिहिलं. तुला मराठीत सांगते. "मी, शोभना बोरकुटे. पान चारवरची वाक्यं माझी आहेत. ती मी मैत्रिणीला लिहिली होती, काउंटीला नाही. ती खरी आहेत. त्यांच्यापुढे आणखी एक वाक्य होतं, की चहा झाला की ते जातं. तेही खरं आहे. पान अकरावर मला काही कळत नाही असं आहे. हे मी स्वतः लिहीत आहे." हॉलंडबाईंनी वाचलं, शिक्का मारला, आणि पान चारच्या मागे लावलं.

तू फोन केलास ते चूक म्हणत नाही. त्या कुलपाच्या आत आग लागली असती तर मी खरंच अडकले असते. पण ते पत्र तू वाचून दाखवायला नको होतंस. या दोन्ही गोष्टी मी महिनाभर एकमेकींतून वजा करून पाहिल्या. होत नाहीत. दोन्ही राहतात. म्हणून मग लिहायलाच बसले.

आणखी एक. जुलैत मेमरीच्या डॉक्टरांकडे नेलं. सुरुवात आहे म्हणतात. आठवण हळूहळू जाईल, किंवा भरभर. प्रसाद परत येताना गाडी चालवता चालवता रडला, म्हणून एका पेट्रोल पंपावर थांबून दोघांनी आइस्क्रीम खाल्लं.

त्यामुळे आता काउंटीचा एक नवा फॉर्म आहे. माझी माहिती कुणाला द्यायची, आणि पुढे मला सांगता आलं नाही तर माझ्या वतीने कुणाला विचारायचं. पहिलं नाव प्रसादचं घातलं. दुसऱ्या नावाची जागा तीन आठवडे रिकामी ठेवली. रुचा म्हणाली, देवयानीचं घाला. काल तुझं घातलं. शिकागोचा पत्ता, फोन, सगळं. तुझ्याइतकं मला कोण ओळखतं? आणि वाचून दाखवायची चूक तू दुसऱ्यांदा करणार नाहीस.

नावांच्या खाली जागा नव्हती, म्हणून मी समासात लिहिलं, दोघांनीही काहीही सांगण्याआधी मला विचारावं. हॉलंडबाई चांगल्या आहेत, त्यांनी जपून विचारलं, "पण मिसेस बोरकुटे, तेव्हा तुम्हाला प्रश्नच कळला नाही तर?"

मी म्हटलं, तरी विचारा.

शोभना